खांद्याची शिवण

“मास्तर, ही खांद्याची शिवण तुमच्या हातची दिसत नाही हो,” शेजारी उभा असलेला हवाई तळाचा कोठीवाला विमानातून उतरणाऱ्या मुलीकडे बघत म्हणाला, तशी शिंपी मास्तरांनी मान खाली घातली.

धावपट्टीच्या कुंपणाशी सगळा तळ लोटला होता. देशात पहिल्यांदाच एका मुलीने लढाऊ विमान एकटीने उडवून सुखरूप उतरवलं होतं, आणि ती मुलगी मास्तरांची होती. ज्याने उभा जन्म वैमानिकांचे कपडे शिवले, त्याच्याच लेकीचा ओव्हरऑल खांद्यावर चुरगळलेला. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

महिन्यापूर्वी ती तो ओव्हरऑल घेऊन त्यांच्या दुकानात आली होती. तळावर मिळणारे सगळेच ओव्हरऑल पुरुषांच्या मापाचे.

“बाबा, एवढा लहान करून द्या. बाही हातावर येते, विमानातली बटणं दाबता येत नाहीत.”

मास्तरांनी कापड चिमटीत धरलं. दुपारच्या चहाआधी होणारं काम.

“हे कापड उसवलं की विरतं,” ते म्हणाले. “हात नाही लावता येणार.”

साफ खोटं. कपडाच बसला नाही तर वरचे साहेब तिला कागदपत्रांच्या कामाला लावतील, पोर जमिनीवर राहील, असा त्यांचा हिशेब. भीतीपोटी केलं, हे खरं. पण धंद्याशी बेइमानी केली, हेही खरंच. ती “बरं” म्हणून ओव्हरऑल उचलून निघून गेली. मग स्वतःच हाताने शिवत बसली. तिला सुई धरायला मास्तरांनी कधी शिकवलंच नव्हतं. तू शीक, मोठी हो, म्हणायचे.

आता धावपट्टीवर तिला उडायला शिकवणारे शिक्षक कात्री घेऊन आले. पहिलं एकट्याचं उड्डाण झालं की ओव्हरऑलच्या पाठीचा तुकडा कापून भिंतीवर लावायचा, हा तळाचा जुना रिवाज. तुकडा कापला गेला, टाळ्या पडल्या. पोर हसत कुंपणापाशी आली.

“बाबा, पाठीला भगदाड पडलंय. शिवून द्याल?” मग आवाज न चढवता म्हणाली, “कापड विरत नाही. मी उसवून पाहिलंय.”

कोठीवाला उगाच हसला. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. “चुकलं माझं,” एवढंही चारचौघांत तोंडातून फुटेना.

संध्याकाळी दुकानात, लेक समोर बसलेली असताना, त्यांनी पाठीला ठिगळ लावलं, शोधूनही टाका दिसू नये असं. मग खांदा हातात घेतला. टाके वाकडेतिकडे, पण दोरा दुहेरी. एके ठिकाणी सुई टोचल्याचा तपकिरी डाग.

“चुकलं माझं, पोरी,” ते खाली बघतच म्हणाले. “हाही सरळ करून देतो.”

“खांदा राहू द्या, बाबा.”

मास्तरांनी मान डोलावली. उसवायची सुरी खणात ठेवली, आणि ओव्हरऑलची घडी घालताना ती वाकडी शिवण वर येईल अशी घातली.