पाचवा डाव

“झाला तुमचा बुद्धिबळाचा आकडा तयार, आजी. मागच्या स्पर्धेतले चार डाव आणि आजचा एक, पाच भरले.”

“मागचे पाच होते,” इस्त्रीवाली म्हणाली. “नीट मोज.”

स्पर्धेत पंच असलेली पोरगी गुणाची होती. तिने न चिडता समजावून सांगितलं. नव्या खेळाडूला पहिला आकडा, म्हणजे रेटिंग, हवा तर आकडा असलेल्या पाच जणांशी प्रत्यक्ष खेळायचं. त्या पाचांच्या आकड्यांची सरासरी काढायची, मग किती जिंकलात ते बघून कमी-जास्त करायचं. समोरचा आलाच नाही तर गुण मिळतो, पण तो डाव आकड्यात धरत नाहीत.

मागच्या स्पर्धेत न आलेला समोरचा म्हणजे तिचा नवरा. पंप दुरुस्त करणारा. अडतीस वर्षं तिची इस्त्री तापेपर्यंत दुकानात दोघांचा बुद्धिबळाचा डाव चालायचा. त्यानेच तिला त्या स्पर्धेत ढकललं, स्वतःचंही नाव घातलं. शेवटच्या फेरीत जोडी नेमकी त्याच्याशीच लागली, तर हा शहाणा घरी बसून राहिला. गुण बायकोला जाईल, तिचा आकडा फुगेल, एवढाच त्याचा हिशेब. तिने पहिलं प्यादं सरकवलं, घड्याळ दाबलं आणि तासभर रिकाम्या खुर्चीकडे बघत बसली.

घरी येऊन तिने त्याची बिनपाण्याने केली. “मी हरेन म्हणून कीव आली होय? फुकटचा गुण तुमच्या पंपात घाला.”

“बरं बाई, पुढच्या वेळी खेळतो,” तो म्हणाला.

पुढची स्पर्धा चार महिन्यांनी होती. तो तीनच महिने जगला.

“मग या माझ्या आकड्यात यांचं काय आहे?” तिने आता पंच पोरीला विचारलं.

पोरीने मान खाली घातली. “काहीच नाही, आजी.”

चार परक्यांचं आणि आज समोर खेळलेल्या एका शिंकणाऱ्या मास्तरचं होतं. ज्याने घोडा कसा चालतो ते शिकवलं, त्याचं नव्हतं.

दुकानात आल्यावर तिने गल्ल्याखालून त्या रिकाम्या खुर्चीच्या दिवशीचा खेळ्यांचा कागद काढला. रागाने चुरगळलेला, पण टाकलेला नव्हता. वर तिच्या वाकड्या अक्षरात दोघांची नावं. खाली तिची एक खेळी.

तिने इस्त्री अगदी मंद केली, कागदावर मलमल अंथरली आणि हलक्या हाताने फिरवली. सुरकुत्या गेल्या. तिच्या खेळीसमोरचा त्याचा रकाना आता कोरा आणि सपाट दिसत होता.