पहिला चमचा

लेकीच्या बाळंतपणाहून पाच दिवसांनी परतलेली धाकटी हातातली पिशवीही न ठेवता कारखान्यामागच्या पाटाकडे गेली. कारखाना कसला, पत्र्याची लांबलचक शेड! पुढे विक्रीचं टेबल, मध्ये उखळ, मागे पाट. आईची कंदाची पावडर बाळंतिणीला, आजाऱ्याला, म्हाताऱ्याला उभं करायची. पण हाच कंद कच्चा असताना जहर. त्याच्या चकत्या टोपल्यांत भरून तीन दिवस, तीन रात्री वाहत्या पाण्यात ठेवाव्यात, तेव्हा कुठे विष उतरतं. इथे घाई करणारा माणूस सरळसरळ खुनी.

टोपल्या काठावर कोरड्या ठणठणीत पडल्या होत्या. एकीत तर कोळ्याने चांगलं ऐसपैस जाळं विणलं होतं. आणि आत उखळाशेजारी नव्या पावडरीच्या बरण्या ओळीने तयार!

पुढून आईचा आवाज आला. "आमच्या घरची रीत आहे, साहेब. बनवणाऱ्याने पहिला चमचा खायचा, मगच गिऱ्हाइकाने माल न्यायचा. तीस वर्षं मीच खाते."

धाकटी धावली. चमचा आईच्या ओठांशी होता. तिने असा फटका मारला की चमचा भिंतीवर आदळला आणि माल न्यायला आलेल्या औषधांच्या दुकानदाराच्या काळ्या कोटावर पावडर उडाली.

आईने तिच्या खाडकन थोबाडीत दिली. "गिऱ्हाइकासमोर अब्रू घालवतेस?"

"आई, चकत्या पाण्यात घातल्याच नाहीत दादाने! टोपलीत कोळ्याने संसार थाटलाय!"

"दोनदा उकळल्यात मी," उखळाशी उभा असलेला दादा म्हणाला. "साहेब चार दिवस आधी आले, मग काय करणार? कारखाना माझ्या हाती आल्यापासून हिचं पोट दुखतंय, आई."

बहीणभावाचं विळ्या-भोपळ्याचं सख्य आईला ठाऊक होतं. तिथेच घात झाला. तिने दुसरा चमचा भरला.

धाकटी पुन्हा झेपावली. दादाने तिला केसांना धरून मागे खेचलं. डोकं उखळाच्या काठावर आपटलं, भुवई फुटली, रक्त डोळ्यात उतरलं. तिने आंधळेपणानेच त्याच्या मनगटात दात रुतवले. त्याने तिच्या तोंडावर बुक्के घातले, एक, दोन, तीन. दुकानदार दाराला पाठ लावून "अहो, अहो" करत राहिला. भला माणूस! पाय मात्र बाहेरच्या दिशेला.

"मग तू खा!" धाकटीने रक्ताबरोबर एक दातही थुंकला. "दोनदा उकळल्यात ना? खा, दादा. मी तुझे पाय धरून माफी मागते."

आईने चमचा त्याच्यापुढे धरला. "खा रे. हिचं तोंड एकदाचं बंद होऊ दे."

दादाने ओठ घट्ट मिटले.

"खा."

"मला... सकाळपासून पित्त झालंय."

"आणि आत्ता मी खात होते तेव्हा?"

"एका चमच्याने काय होतं, आई? फार तर उलट्या झाल्या असत्या."

आईने चमचा टेबलावर नीट ठेवला आणि मुसळ उचललं. वय सत्तर, पण ते हात जन्मभर कांडत आलेले. पहिला घाव दादाच्या कोपरावर बसला, हाड मोडल्याचा आवाज दुकानदारालाही ऐकू गेला आणि तो पळाला. दुसऱ्या घावात बरण्या फुटल्या. दादा काचांवर कोसळला, तरी मुसळ खांद्यावर पडलं, पाठीवर पडलं. आता ते डोक्यावर उगारलेलं पाहून धाकटीने आईला मागून मिठी घातली.

"आई, मरेल तो!"

"मरू दे!"

"आई!"

मुसळ गळून पडलं. आई धापा टाकत दादाशेजारी बसली. लहानपणी घ्यायची तसा त्याचा मोडका हात तिने मांडीवर घेतला.

"मी मेले असते तर रडला असतास ना रे?"

"हो, आई." दादा ढसाढसा रडत होता.

"वाटलंच मला," आई म्हणाली आणि डोक्याचा रुमाल सोडून त्याचा हात बांधू लागली.