ड्रायव्हरची सीट
आजोबांची गाडी माझ्या बाबांपेक्षा दोन वर्षांनी मोठी. चाळीस वर्षं त्यांनी तिच्या स्टिअरिंगला दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही. पुढे गुडघ्यांनी दगा दिला आणि गाडी बाबांकडे आली. बाबांची थोरली बहीण, माझी आत्या, त्याच घरात वरच्या मजल्यावर राहायची. तुला गाडी शिकायची आहे का, असं तिला कधी कुणी विचारलंसुद्धा नव्हतं.

यंदा जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांच्या मंडळाने वार्षिक फेरीत ही गाडी घ्यायचं मनावर घेतलं. आधी चार माणसं येऊन ती बघून जाणार होती. इंजिन ठणठणीत होतं, पण पुढच्या दोन्ही सीट बघवत नव्हत्या. रेक्झिन फाटून आतला काथ्या बाहेर आला होता, आणि ड्रायव्हरच्या सीटची एक स्प्रिंग बसणाऱ्याला नेमकी नको तिथे टोचायची. सीट शिवून देणाऱ्या दुकानदाराने तीन महिने लागतील म्हणून सांगितलं. तेव्हा बाबा वर गेले आणि आत्याला म्हणाले, तूच काहीतरी कर.

आत्याने तीस वर्षं एका हॉस्पिटलच्या शिवणखोलीत चादरी आणि ऑपरेशनचे झगे शिवले होते. गाडीची सीट शिवायची तिची ही पहिलीच वेळ. तरी ती हो म्हणाली.

सीट गाडीच्या तळाला धरून ठेवणारे गंजलेले बोल्ट बाबांनी सोडवले. त्यापुढचं सगळं तिने केलं. जुनी कव्हरं ब्लेडने शिवणीवर उसवली, प्रत्येक तुकड्यावर खडूने आकडा घातला आणि त्यांच्यावरून नवं रेक्झिन बेतलं. टोचणारी स्प्रिंग बांधून काथ्याच्या जागी फोम बसवला. तिचं शिवणयंत्र घरगुती. जाड जागा आली की सुई मोडायची. मग ती पाय थांबवायची आणि चाक हाताने फिरवत एकेक टाका घालायची. बोटांना पट्ट्या, त्यावर डिंकाचे डाग. कडेचा गोट कोपऱ्यात सुरकुतला म्हणून तिने तीनदा उसवला. शेवटी कव्हरं चढवून ती सांगाड्याला धरून ठेवणाऱ्या तारेच्या कड्या पक्कडीने आवळताना तिचा अंगठा काळानिळा झाला.

हे सगळं गॅरेजमध्ये, आजोबांच्या डोळ्यांसमोर चाललं होतं. ते रोज दारात खुर्ची टाकून बसायचे. बाबा संध्याकाळी कामावरून आले की डोकावून छान चाललंय म्हणायचे आणि आंघोळीला जायचे. मी घरूनच काम करायची, त्यामुळे यंत्राची घरघर महिनाभर माझ्या कानात होती.

रविवारी मंडळाची माणसं आली, तीन पुरुष आणि एक बाई. गाडीभोवती फिरले, बॉनेट उघडून झालं, आणि मग सगळे सीटवरून हात फिरवत उभे राहिले. कुठल्या कारागिराने केल्या, असं एकाने विचारलं.

आजोबा खुर्चीतून म्हणाले, "कारागीर कशाला? माझ्या मुलाने घरीच केल्यात. हात आहे त्याला."

बाबा हसले. नाही म्हणाले नाहीत. मग त्या बाईने गोटावर बोट ठेवून विचारलं की कोपरा इतका साफ कसा वळवला. बाबांनी हळूहळू ओढत न्यायचं असतं वगैरे काहीतरी ठोकून दिलं.

आत्या चहाचा ट्रे घेऊन मागेच उभी होती. तिने तो ट्रे सरळ बॉनेटवर ठेवला.

"ओढून नाही होत," ती त्या बाईला म्हणाली. "गोटाच्या आतल्या बाजूला अर्ध्या अर्ध्या इंचावर काप द्यावे लागतात. याला नका विचारू. याला सुईत दोरा ओवता येत नाही."

बाबा पडेल चेहऱ्याने म्हणाले, अगं, सांगणारच होतो. ती त्यांच्याकडे वळलीसुद्धा नाही, आजोबांना म्हणाली,

"अण्णा, महिनाभर तुम्ही माझ्यासमोर बसून होतात."

आजोबांना यात रागावण्यासारखं काय आहे तेच कळेना. "शिवण काय, बायकांना येतंच," ते म्हणाले. "गाडी तर त्याचीच ना?"

आत्याने फळीवरची पक्कड घेतली. ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून ती गुडघ्यांवर बसली आणि सीटखालच्या कड्या एकेक करून उघडू लागली. पाठीचं कव्हर निघालं, मग बैठकीचं. आतला पिवळा फोम उघडा पडला. तिने दोन्ही कव्हरं झटकली, चादरीसारखी चौकोनी घडी घातली आणि ती वर निघून गेली. चहा तसाच निवला.

पाहुणे गेल्यावर बाबांनी घर डोक्यावर घेतलं. चारचौघांत अब्रू घालवली, म्हणाले. जिन्याखाली उभं राहून ते ओरडत होते. आठवडाभर ती खाली उतरली नाही. तिचं जेवण मी वर नेत होते. ती दार उघडायची, ताट घ्यायची, दार लावायची.

आठव्या दिवशी बाबा वर गेले आणि माझं चुकलं म्हणाले. फेरी चार दिवसांवर आली होती.

"कव्हरं चढवून देते," आत्या म्हणाली. "पण आधी त्या चौघांना फोन कर. माझ्यासमोर."

बाबांनी केले. एकामागून एक चार फोन, कान लालबुंद. चौथा त्या बाईचा. ती म्हणाली, आम्हाला तेव्हाच कळलं होतं. मग तिने स्वतःच्या जुन्या जीपच्या सीटसाठी आत्याचा नंबर मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या गॅरेजमध्ये आली. आजोबा दारात होतेच.

"खुर्ची सरकवा, उजेड अडतोय," ती म्हणाली.

आजोबा हात टेकत उठायला लागले. मी धरायला पुढे झाले, तर तिने मला नजरेनेच थांबवलं. त्यांना बराच वेळ लागला. खुर्ची भिंतीकडे ओढून ते बसले. शेवटची कडी आवळून होईपर्यंत ते तिच्या हातांकडे बघत होते, पण तोंडातून अक्षर काढलं नाही. तिनेही वाट पाहिली नाही. पक्कड पुसून जागेवर ठेवली आणि वर गेली.

फेरीच्या दिवशी बाबांनी तिला शेजारच्या सीटवर बसायला बोलावलं. ती सकाळीच जीप बघायला निघून गेली होती. जाताना माझ्याशीही बोलली नाही. त्या रविवारी मीही तिथेच होते, आजोबांचं बोलणं ऐकलं होतं, आणि गप्प बसले होते.