ओडिलियाचे आठ तास

सहीसाठी पेन पुढं केलं ते हालवरसन बाईंनी, आणि तेही हसून. मला त्या हसण्याचीच जास्त चीड आली.

मी शाळेत शिकवते. त्याआधी बावीस वर्षं नर्स होते. आमची शाळा सरकारी, नेब्रास्कातल्या कत्तलखान्याच्या गावातली. अकरावी-बारावीची पोरं सकाळी गणित-इंग्रजी करतात आणि मग निळे कपडे चढवून हॉस्पिटलात जातात. चादरी बदलायच्या, ताप बघायचा, म्हाताऱ्यांना घास भरवायचे. ठरलेले तास भरले की परीक्षेला बसता येतं आणि नर्सची मदतनीस म्हणून प्रमाणपत्र मिळतं. त्याच्या जोरावर पुढं नर्सिंग कॉलेज. ओडिलिया हेरोनिमोचे आठ तास उरले होते. फक्त आठ!

ही पोरगी घरी माम बोलते, ग्वातेमालाच्या डोंगरातली भाषा. कत्तलखान्यात मांस कापणारी निम्मी माणसं आता तीच बोलतात. हॉस्पिटलात मात्र ती कुणाला येत नाही. मला स्पॅनिश येते, पण मामपुढं मीही ठोंब.

तीन आठवड्यांपूर्वी पेत्रोना नावाची बाई आली, सातव्या महिन्यातली. ओडिलिया शेजारच्या पलंगावर चादर घालत होती. डॉक्टर आला, त्यानं पोटावर यंत्र फिरवलं, आणि हिच्याकडं वळून म्हणाला, "तू ती भाषा बोलतेस ना? सांग हिला. बाळाचे ठोके नाहीत. बाळ गेलंय."

सतरा वर्षांची पोर हो! हिनं सांगितलं. पेत्रोनानं हिचा हात जो धरला, तो नवरा कामावरून येईपर्यंत सोडला नाही. मी तेव्हा खालच्या मजल्यावर बाकीच्यांना रक्तदाब घ्यायला शिकवत होते. हे मला अजून झोंबतं. परत येताना गाडीत विचारलं, "काय गं, गप्प का?" तर म्हणाली, "काही नाही मिस. चादरी बदलल्या."

पेत्रोनाच्या नवऱ्यानं तक्रार केली. त्याचा प्रश्न साधा होता: माझ्या बायकोला ही बातमी द्यायला तुम्हाला शाळेतली पोरच सापडली का? बरोबर विचारलं त्यानं. मग हॉस्पिटलनं डॉक्टरला जाब विचारावा की नाही? छे! सगळं खापर पोरीच्या डोक्यावर फोडलं आणि स्वतः नामानिराळे झाले.

म्हणून परवा सकाळी आम्ही चौघं हालवरसन बाईंच्या खोलीत बसलो होतो. या बाई हॉस्पिटलात विद्यार्थ्यांचं काम बघतात. दुसरे आमचे मुख्याध्यापक प्रुइट सर, मग मी, आणि खुर्चीच्या टोकावर ओडिलिया. टेबलावर टाइप केलेला कागद. 'मी परवानगी न घेता रुग्णाला तिच्या प्रकृतीची माहिती दिली. ही माझी चूक आहे.'

"एक सही केलीस की उद्यापासून उरलेले तास भर," हालवरसन बाई म्हणाल्या. "विषय संपला."

"आणि हा कागद?" मी विचारलं.

"तो अर्थात तिच्या फायलीत राहील."

"आणि नर्सिंग कॉलेज ती फाइल मागवेल तेव्हा?"

बाईंनी सरांकडं पाहिलं. सर घसा खाकरून म्हणाले, "ग्रासिएला, जरा शांत हो. दुसरं हॉस्पिटल शंभर किलोमीटरवर आहे. यांनी दार बंद केलं तर चाळीस पोरं कुठं नेशील?"

"म्हणजे चाळिसांसाठी हिचा बळी द्यायचा? वा, सर! मुलांना शिकवायला छान धडा आहे!"

"असं कुठं म्हणालो मी?"

"मग काय म्हणालात? सांगा ना, मीही ऐकते. आणि तो डॉक्टर कुठं आहे? त्याला नाही वाटत सही करावीशी?"

"डॉक्टरांना तसं काही सांगितल्याचं आठवत नाही," हालवरसन बाई म्हणाल्या.

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. आठवत नाही म्हणे! मेलेल्या बाळाची बातमी सांगायला लावली, आणि आठवत नाही! ओडिलिया खाली मान घालून पेनकडं बघत होती. "मिस, करू का सही?" तिनं हळूच विचारलं. "आईनं सगळ्यांना सांगून ठेवलंय, जूनमध्ये प्रमाणपत्र मिळणार म्हणून."

मी काही बोलायच्या आत टेबलावरचा फोन वाजला. हालवरसन बाईंनी उचलला. पलीकडची नर्स इतकी ओरडून बोलत होती की आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. तातडीच्या विभागात बाळंतीण आलीय, रक्त थांबत नाही, घरी कसलं औषध घेतलं ते कळत नाही, फोनवरचा दुभाष्या चाळीस मिनिटांनी मिळेल म्हणतात. "ती शाळेतली माम बोलणारी पोरगी आहे का आज? पाठवा ना पटकन!"

हालवरसन बाईंनी फोन छातीशी धरला. चेहरा लालबुंद. "ओडिलिया," त्या म्हणाल्या, "पाच मिनिटांसाठी जातेस का जरा?"

मी ताडकन उठले. "शरम नाही वाटत? अजून त्या कागदाची शाई वाळली नाही! ओडिलिया, बस खाली. अजिबात जायचं नाही."

ती उठली होती. मी तिचं मनगट धरलं.

"मिस, सोडा."

"अगं, परत तुझ्यावरच ढकलतील! आठ तास तर जातीलच, वर..."

"ढकलू देत. त्या बाईचं रक्त जातंय, मिस."

तिनं हात सोडवून घेतला आणि पळाली. जिन्यावरून तिच्या बुटांचा आवाज खाली खाली जात राहिला. बावीस वर्षं नर्स होते मी, आणि त्या पोरीला अडवायला निघाले होते. लाज वाटली मला स्वतःची. पण ती माझी मी बघून घेईन.

हालवरसन बाई तिच्यामागं जायला निघाल्या. मी दारात आडवी उभी राहिले.

"तुम्ही कुठं? बसा."

"मिसेस त्रेविन्यो, खाली गरज आहे..."

"गरज होती ती गेली खाली. तुम्ही बसा आणि लिहा. आज अकरा वाजून दहा मिनिटांनी रुग्णाशी बोलायला ओडिलिया हेरोनिमोला आम्ही स्वतः बोलावलं. तीन आठवड्यांपूर्वीही आमच्याच डॉक्टरांनी बोलावलं होतं."

त्यांनी प्रुइट सरांकडं पाहिलं.  सर उठले, टेबलावरचं पेन उचललं आणि बाईंच्या हातात दिलं.

"लिहा," ते म्हणाले. "साक्षीदार म्हणून मी सही करतो."