खर्च होऊ नये म्हणून

भिंतीवरच्या यंत्रातून बॅटरी काढून कपाटात ठेवण्यात स्टोअरकीपरचा फायदा एवढाच होता, की तपासनीस आले की त्यांना ती कोरी करकरीत दाखवता येणार होती. ठोका सोडून नुसत्या थरथरणाऱ्या हृदयाला झटका देणारं ते यंत्र छापखान्यात येऊन वर्ष झालं होतं. कुणाला काही झालं नाही आणि हिरवा दिवा मात्र रात्रंदिवस लुकलुकतोय, हे त्याला बघवत नव्हतं. त्याने बॅटरी पिशवीत घालून घट्ट गाठ मारली.

"मेहुणे, तुमच्याकडे खिळा मागायचा झाला तरी अर्ज लागतो," छपाईवरचे दाजी म्हणाले. थोरल्या बहिणीचा नवरा. थट्टा गिळावीच लागे.

"म्हणून तर खिळे शिल्लक आहेत, दाजी."

चौथ्या दिवशी भर सकाळी दाजी कागदाच्या गठ्ठ्यावर वाकले, ते तिथेच कोसळले. छापखान्याची नर्स धावत आली. नाडी लागेना. दोन्ही तळवे छातीवर रोवून ती दाबू लागली.

"यंत्र आणा!"

स्टोअरकीपरनेच धावत आणलं, बॅटरी काढल्याचं भानही न राहता. पट्ट्या चिकटवल्या, बटण दाबलं. यंत्र गप्प.

"बॅटरी कुठंय?" हात न थांबवता नर्सने विचारलं.

तो पळत सुटला. दोन जिने, कपाट, बावीस किल्ल्यांचा जुडगा. रोज डोळे मिटून सापडणारी किल्ली आज हाताला लागेना. गाठ सुटेना, तेव्हा पिशवी दातांनी फाडली.

तो खाली पोचला तेव्हा नर्सच्या हनुवटीवरून घाम टपकत होता. नऊ मिनिटं झाली होती. बॅटरी बसताच यंत्र बोलू लागलं. रुग्णाला हात लावू नका. तपासणी चालू आहे. मग त्याच शांत आवाजात: झटका देण्याची गरज नाही.

"गरज नाही म्हणतंय! ऐकलंत ना?" तो सगळ्यांकडे बघून हसला. "दाजी, उठा आता. उगाच घाबरवलंत."

नर्स पुन्हा दाबू लागली होती.

"थरथर असली तर झटका देतात, भाऊ," ती मान वर न करता म्हणाली. "आता तीही नाही."

रुग्णवाहिकेतली माणसं आली, तीही दाबत राहिली, आणि मग थांबली.

बहिणीला फोन त्यालाच करावा लागला.

"आत्ता कसा रे फोन?" ती म्हणाली. "हे डबा विसरले का पुन्हा?"

त्याची नजर यंत्रावरच्या हिरव्या दिव्याकडे गेली. बॅटरी पूर्ण भरलेली होती. किंमत बहिणीला मोजावी लागली होती, आणि ती अजून त्याच्या उत्तराची वाट बघत होती.