वाळूतल्या गोगलगायी

आमच्या घरात खिडक्या उघडायच्या नाहीत, कारण टाकीवर ऊन येतं. पंखा जोरात लावायचा नाही, कारण पाणी गार पडतं. आणि मी गाव सोडून जायचं नाही, कारण वाळूला सुई घालणार कोण? हॉलमध्ये दिवाणाएवढी काचेची टाकी आहे. तिच्या आत झाडं आणि मासे, बाहेर बाबा आणि मी. जास्त मोकळे मासेच असावेत.

टाकी आईची. झाडं उपटून वर तरंगायला लागली, की ती मागच्या बाजूला आणखी वाळू ओतायची. असं करत करत मागे वीतभर उंच डोंगर झाला. एवढ्या जाड थराच्या तळाशी हवा पोचत नाही, गाळ कुजतो, वाळू काळी पडते आणि सडक्या अंड्यांच्या वासाचा विषारी वायू साठतो. म्हणून आई दर रविवारी विणायची लांब सुई घेऊन वाळूला हलकेच टोचायची. एका वेळी एकच कोपरा, म्हणजे बुडबुडे थोडे थोडे निघून जातात.

आई गेल्यावर बाबांनी टाकी एकदाची स्वच्छ करायला घेतली. कोपरापर्यंत हात घालून सगळी वाळू ढवळली. काळं पाणी वर आलं, घरभर वास सुटला आणि संध्याकाळी सगळे मासे उलटे तरंगत होते. बाबा ओले हात तसेच मांडीवर ठेवून बसून राहिले. पुढे मासे नवे आणले, पण बाबांनी पाण्यात बोट घातलं नाही. सुई माझ्या गळ्यात पडली ती कायमची.

मी दातांच्या कॅप बनवते. गेल्या महिन्यात दुसऱ्या शहरातल्या मोठ्या लॅबने मला बोलावलं, तेही कॅपचा सगळा विभाग सांभाळायला. मी कित्येक वर्षं ह्याचीच वाट बघत होते. सांगितलं तेव्हा बाबा चहा गाळत होते.

"जा की. कोण अडवतंय?" ते म्हणाले. मग गाळणी आपटत, "टाकीचं तेवढं काय ते बघ."

"तुम्ही घाला ना सुई. मी शिकवते."

"माझ्या हाताने नको." झालं, विषय संपला. त्या क्षणी ती टाकी फोडून टाकावीशी वाटली मला.

माशांच्या दुकानदाराने माझं रडगाणं ऐकून घेतलं. "ताई, तुमच्या वाळूचं पोट फुगलंय," तो म्हणाला, आणि त्याने पिशवीत मूठभर गोगलगायी दिल्या. बारीक, लांबट, स्क्रूसारख्या पिळाच्या. "ह्या दिवसभर वाळूत शिरून उकरत फिरतात, वायू साठू देत नाहीत. भरपूर मुळांची झाडं लावा. डोंगर हळूहळू उतरवा, एका वेळी कपभर. आणि हात जोडतो, वर आणखी वाळू ओतू नका. मग सुईची फारशी गरजच नाही."

घरी येऊन मी बाबांना सगळं समजावलं आणि त्यांच्या देखत गोगलगायी सोडल्या. बाबा नुसतं "हं" म्हणाले.

मी झाडं लावली, डोंगर उतरवायला घेतला. पण गोगलगायी दिसेनात. सुई घालून पाहिली तर बुडबुडे भसाभस वर आले, वासासकट. पुन्हा आणल्या, पुन्हा गायब. "मेल्या असतील," बाबा म्हणाले, "आपलं पाणी मानवत नसेल." मेल्या तर शंख कुठे गेले? पण वाद घालायचं त्राण नव्हतं. लॅबवाल्यांना उद्यापर्यंत उत्तर हवं होतं आणि मी नाही म्हणायचं ठरवून टाकलं. त्या बंद खिडक्यांकडे बघून मला अक्षरशः गुदमरल्यासारखं होत होतं.

दुसऱ्या दिवशी बाबांचे वाळलेले कपडे ठेवायला त्यांच्या खोलीत गेले. पडद्यामागे खिडकीत काचेची बरणी होती, तोंडाला फडकं बांधलेलं. तळाशी थोडी वाळू, एक पान, काकडीची चकती. आणि माझ्या सगळ्या गोगलगायी. काचेवर त्यांची पिल्लंही चढलेली, मोहरीएवढी.

माझं डोकं फिरलं. बरणी घेऊन मी हॉलमध्ये आले. "हे काय आहे, बाबा?"

बाबांनी नजर वर केली नाही. "पहाटे काचेवर येतात. वेचून काढतो."

"पण का?"

"त्या राहिल्या असत्या तर तू गेली असतीस." मग बरणीकडे बघत, "मारून टाकायला मन होईना."

तोंडाला येईल ते बोलणार होते मी. जन्माची कैद दिलीत, असंच काहीतरी. पण मधेच लक्षात आलं आणि मी थांबले.

"म्हणजे रोज पाण्यात हात घालत होतात?"

बाबांनी आपल्या हाताकडे पाहिलं. "घालावाच लागला," ते म्हणाले. आणि अगदी हळू, "माशांना काही झालं नाही."

मला रडू फुटलं. रागही गेला नव्हता, दोन्ही एकदमच होतं. मी बरणी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी बाही वर केली, फडकं सोडलं आणि एकेक गोगलगाय हाताने वाळूवर नेऊन ठेवली. पिल्लांसाठी बरणीच पाण्यात कलती केली. एवढ्या सावकाश बाबा काम करू शकतात हे मला माहीत नव्हतं.

"काकडी उकडून लागते," ते पाठमोरेच म्हणाले. "कच्ची खात नाहीत. सुई कुठे ठेवतेस तेवढं सांग. अधूनमधून कोपरे बघत जाईन. आणि फोन कर त्यांना."

मी फोन लावला. पलीकडून बाई "हॅलो, हॅलो" करत राहिली आणि मी टाकीकडेच बघत राहिले.

"बोल की, ठमे," बाबा म्हणाले. त्यांचा हात अजून पाण्यातच होता. "तुझ्या वतीने मासे बोलायचे नाहीत."