निर्माल्याची पिशवी

गणपती उठल्यापासून निर्माल्याची काळी पिशवी आमच्या गॅरेजमध्ये कुजत होती. कचऱ्यात टाकलं तर पाप लागतं, असं माझ्या नवऱ्याचं, प्रतापचं म्हणणं. बॅकयार्डात पुरू या म्हटलं, तर पायाखाली येईल म्हणाला. त्याला वाहतं पाणीच हवं होतं. रविवारी घरून निघताना ती पिशवी त्याने सॅकमध्ये कोंबली आणि गाडीत असा दर्प सुटला की मी सगळ्या काचा खाली केल्या.

निघालो होतो आमच्या लेकीकडे. आन्या एका स्टेट पार्कमध्ये रेंजर आहे, नोकरी नवी, अजून प्रोबेशनवर. "आई, कम सी माय वॉटरफॉल्स," म्हणून तिने पहिल्यांदाच बोलावलं होतं.

"तिथे काही सोडायचं नाही," मी प्रतापला बजावलं. "पोरीची नोकरी आहे."

"मला कळत नाही का?" तो म्हणाला. कळत असतं तर सॅक घरीच राहिली असती.

तळ्याच्या कडेने वाट चढत गेली. पाणी इतकं नितळ की तळाचे गोटे दिसत होते. पहिला धबधबा झाला, दुसरा झाला, पण माझं लक्ष प्रतापच्या पाठीवर. सॅकमधून काळपट पाणी झिरपून त्याच्या पँटवर ओघळत होतं. मला शिसारी आली. हा माणूस त्यातच शेंगदाण्याची चिक्की खात चालला होता.

वरच्या धबधब्यापाशी मी बुटाची लेस बांधायला वाकले. मान वर केली, तर याने बूट काढून पिशवी डोहात उलटी केलेली. सडका झेंडू, बुळबुळीत दुर्वा, बुरशी आलेले मोदक, वर थर्माकोलचे तुकडे. शेजारच्या खडकावर सँडविच खाणारं कुटुंब नाक दाबून उठलं. हा डोळे मिटून मोरया म्हणत होता. भक्ती कसली डोंबलाची! आपली घाण दुसऱ्याच्या दारात ओतायची आणि वर हात जोडायचे.

तेवढ्यात वाटेवरून आन्या आली. सोबत तिची साहेबीण. हे कोणी केलं, असं साहेबिणीने विचारलं.

प्रताप चक्क हसला. "नो प्रॉब्लेम मॅडम. शी इज माय डॉटर. शी विल मॅनेज."

पिशवीची आली नव्हती एवढी किळस मला त्या हसण्याची आली. साहेबीण आन्याकडे बघत राहिली. पोर मानेपर्यंत लाल झाली होती.

"आन्या, सांग ना यांना," प्रताप म्हणाला.

आन्याने दंडाचं पावतीपुस्तक काढलं. "युवर नेम, सर?"

तो माझ्याकडे बघू लागला. मी डोहाकडे तोंड फिरवलं. आन्या पेन टेकवून थांबली होती. शेवटी त्याने पोटच्या पोरीला आपलं नाव सांगितलं. आडनाव तिने न विचारताच लिहिलं.